शिष्याचा अधिकार आणि गुरूचे उत्तरदायित्व

भगवद्गीतेचे श्रोते किती, असे कोणी विचारले तर ‘एक अर्जुन’ हे उत्तर सहज ओठांवर येते. वस्तुतः तो उपदेश तिघांच्या कानी पडला. रथावर बसलेल्या अर्जुनाने तो प्रत्यक्ष ऐकला. व्यासांच्या प्रसादाने संजयाने ऐकला. आणि संजयाच्या मुखातून तो अंध धृतराष्ट्राने ऐकला. शब्द तेच, क्रम तोच, सातशे श्लोकांतील एकही श्लोक कोणासाठी गाळलेला नाही. परंतु फळ पाहू गेल्यास तिघांत केवढे अंतर पडले! अर्जुनाने टाकलेले धनुष्य पुन्हा उचलले. संजयाला तो संवाद आठवून आठवून पुनःपुन्हा हर्ष होऊ लागला. धृतराष्ट्राला मात्र काहीच झाले नाही. गीतेत त्याच्या तोंडी एकच श्लोक आहे, तो पहिला. ‘माझ्या मुलांनी आणि पांडूच्या मुलांनी काय केले’ एवढे विचारून तो जो गप्प बसला, तो अठरा अध्याय संपेपर्यंत बोललाच नाही. मध्ये एक शंका नाही, एक हुंकार नाही. संजयाने अखेरीस, जेथे कृष्ण आणि अर्जुन आहेत तेथेच विजय आहे, असे स्पष्ट सांगून राजाला युद्ध थांबविण्याची जणू शेवटची संधी दिली. तीही त्याने जाऊ दिली.

एकाच उपदेशाची ही तीन फळे पाहिली म्हणजे एक प्रश्न उभा राहतो. शिकविलेले न उमगण्याचा दोष शिकणाऱ्याचा, की शिकविणाऱ्याचा? हा प्रश्न केवळ पाठशाळेतील गुरुजींचा नाही. ज्या ज्या घरात मूल आहे त्या त्या घरात तो रोज संध्याकाळी उपस्थित होतो. दोघे भाऊ एकाच दिव्याखाली पाढे घेऊन बसतात. थोरल्याला सतराचा पाढा दोनदा ऐकून येतो. धाकट्याला चिंचोके मांडून दाखविल्यावाचून सात साते एकोणपन्नास होतात यावर विश्वासच बसत नाही. तिसऱ्या चुकीला वडील पुस्तक मिटतात आणि म्हणतात, “याच्या डोक्यात काही शिरत नाही.” ते वाक्य रागाच्या भरात निघालेले असते, वडील ते रात्री विसरूनही जातात, पण धाकटा ते विसरत नाही. त्या घरात त्याची जागा त्या वाक्याने ठरून जाते. पुढे तो काय शिकू पाहील आणि काय शिकण्याचे टाळील, हेही पुष्कळ अंशी तेच वाक्य ठरविते.

आपल्या शास्त्रकारांनी या विषयासाठी एक शब्द योजिला आहे: अधिकार. वेदान्तावरील प्रकरणग्रंथांच्या आरंभी अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन असे चार अनुबंध सांगण्याची प्रथा आहे. सदानंदांच्या वेदान्तसारात ती व्यवस्थित मांडलेली सापडते. ग्रंथ कशाविषयी आहे हे सांगण्यापूर्वी तो कोणासाठी आहे हे सांगावयाचे, ही दृष्टी मोठी मार्मिक आहे. औषधाच्या बाटलीवर औषधाचे नाव असून भागत नाही. ते कोणत्या रोग्याला, कोणत्या वयात, किती द्यावयाचे हेही लिहावे लागते. येथे अधिकार याचा अर्थ सिद्धता असा आहे, हक्क असा नव्हे. मराठीत हा शब्द पुढे सत्ता आणि हक्क या अर्थांनी रूढ झाला आणि त्यामुळे एक अनर्थकारी घोटाळा झाला. ‘याचा अजून अधिकार नाही’ याचा मूळ अर्थ ‘याची अजून तयारी व्हावयाची आहे, ती करून घ्या’ असा होता. त्याचा अर्थ ‘याला शिकण्याचा हक्क नाही’ असा केला गेला.

या अनर्थाचा इतिहास झाकून ठेवण्यात अर्थ नाही. अधिकारभेदाच्या नावाखाली शतकानुशतके स्त्रियांच्या आणि शूद्र म्हटल्या गेलेल्या कोट्यवधी माणसांच्या तोंडावर विद्येचे दार बंद करण्यात आले. १८४८ साली जोतीराव फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या, तेव्हा रस्त्याने जाताना त्यांच्या अंगावर शेण आणि चिखल फेकणारे लोक स्वतःला धर्मरक्षक समजत होते. गीता मात्र त्यांच्या बाजूने साक्ष देत नाही. अठराव्या अध्यायात, हे ज्ञान कोणाला सांगू नये, याची एक यादी भगवंतांनी दिली आहे. जो तप करीत नाही, ज्याच्या ठायी भक्ती नाही, ज्याला ऐकण्याची इच्छा नाही आणि जो मत्सराने निंदा करतो, त्याला ते सांगू नये. या यादीत जन्माचा उल्लेख नाही, लिंगाचा नाही, बुद्धीच्या तीव्रतेचाही नाही. चारही अटी वृत्तीच्या आहेत, म्हणजे ज्या माणसाला बदलता येतात अशा आहेत. आणि नवव्या अध्यायात तर स्त्रिया, वैश्य आणि शूद्र यांनाही तीच परम गती मिळते असे स्पष्ट विधान आहे. गती दुय्यम नाही, परम आहे; एवढा एक शब्द नीट वाचला असता तरी पुष्कळ पाप टळले असते.

महाभारतातच द्रोणाचार्यांचे उदाहरण आहे. एकलव्याची कथा सर्वांना ठाऊक आहे, आणि तिच्यात आचार्यांचे समर्थन करण्याचे प्रयत्न कितीही झाले तरी तो कापलेला अंगठा काही पुन्हा जोडला जात नाही. पण त्यांच्याच दुसऱ्या एका प्रसिद्ध प्रसंगाकडे फारसे कोणी चिकित्सक दृष्टीने पाहत नाही. झाडावर लाकडाचा पक्षी ठेवून त्यांनी राजपुत्रांना एकेक करून विचारले, तुला काय दिसते? युधिष्ठिराला झाड दिसले, भाऊ दिसले, आचार्यही दिसले. त्याला बाजूला करण्यात आले. इतरांनीही तशीच उत्तरे दिली आणि तेही बाजूला झाले. अर्जुनाला तेवढे पक्ष्याचे मस्तक दिसले. ही कथा एकाग्रतेचा पाठ म्हणून मुलांना सांगतात, आणि ती तशी सुंदर आहेही. तथापि त्या दिवशी बाकीचे राजपुत्र काय शिकले? त्यांना आपण नापास झालो एवढेच कळले. दृष्टी एकवटावी कशी, हे त्यांना कोणी दाखविल्याचे कथेत नाही. परीक्षा घेणे आणि शिकविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली निवड करते, दुसरी तयार करते. आचार्य मोठे धनुर्धर होते, मोठे परीक्षकही होते; पण ज्याला येत नाही त्याला येईपर्यंत त्याच्याजवळ थांबणारा गुरू पाहावयाचा असेल तर अन्यत्र जावे लागते.

छांदोग्य उपनिषदात असा एक गुरू आहे, आणि तो बाप आहे. आरुणी उद्दालकाचा मुलगा श्वेतकेतू बारा वर्षे गुरुगृही राहून चोविसाव्या वर्षी घरी परतला, तो विद्येच्या ताठ्याने भरलेला. पुष्कळ शिकून आलेला, म्हणून काही ऐकण्याच्या मनःस्थितीत नसलेला मुलगा हा शिकविण्यास सर्वांत कठीण. मंद मुलगा त्यापेक्षा पुष्कळ सोपा. उद्दालकाने त्याला झिडकारले नाही, की त्याचा पाणउतारा केला नाही. त्याला येत नसलेला एक प्रश्न तेवढा विचारला. मग मन हे अन्नावर अवलंबून आहे, हे तोंडाने सांगत न बसता त्याला पंधरा दिवस उपाशी राहावयास सांगितले. पाणी मात्र हवे तितके पिण्याची मुभा दिली. सोळाव्या दिवशी म्हटले, आता वेद म्हण. मुलाला काही आठवेना. जेवून आला, आणि सर्व आठवू लागले. हा पाठ श्वेतकेतू जन्मात विसरला नसेल.

पुढे वडाचे फळ फोडून आतील बी, आणि बी फोडून आत ‘काहीच नाही’ हे त्याच्याकडूनच वदविले. रात्री पाण्यात मीठ टाकावयास लावून सकाळी ते मागितले. सापडेना, तेव्हा वरून, मधून, तळातून चाखावयास सांगितले. मध आणि मधमाश्या झाल्या, नद्या आणि समुद्र झाला. एकच महावाक्य नऊ वेळा, दर वेळी नव्या वाटेने. आणि प्रत्येक वेळी मुलगा म्हणतो, आणखी समजावून सांगा. बाप म्हणतो, बरे. नऊ वेळा! कोणत्या घरात तीन वेळांच्या पुढे हा ‘बरे’ टिकतो, याचा ज्याने त्याने विचार करावा. त्यातलाच एक दृष्टांत तर गुरूच्या कार्याचेच चित्र आहे. गांधार देशातील एका माणसाचे डोळे बांधून त्याला दूर रानात सोडून दिले. कोणी दयाळू भेटला, त्याने पट्टी सोडली आणि गांधार कोणत्या दिशेला आहे ते सांगितले. मग तो गावोगाव विचारीत आपल्या पायांनी घरी पोहोचला. पट्टी सोडणाऱ्याने त्याला खांद्यावर घेतले नाही, आणि तसाच सोडूनही दिले नाही.

बृहदारण्यकातील ‘द’काराची कथा याच्या उलट बाजूने बोलते. देव, मनुष्य आणि असुर या तिघांनीही प्रजापतीपाशी उपदेश मागितला. तिघांनाही त्याने एकच अक्षर सांगितले. देवांनी त्यातून इंद्रियदमन घेतले, मनुष्यांनी दान घेतले, असुरांनी दया घेतली; ज्याला ज्याची उणीव होती त्याने ते ऐकले. ही कथा सांगताना बहुधा येथेच थांबतात. परंतु प्रत्येक वेळी प्रजापतीने एक प्रश्न विचारला आहे: कळले ना? आणि शिष्यांनी काय कळले ते आपल्या शब्दांत सांगितल्यावर मगच त्याने ‘हो, कळले’ म्हणून मान्यता दिली. उपदेश एकाक्षरी असला तरी पडताळा पूर्ण आहे.

आता गीतेकडे वळावे. गीता ही तत्त्वज्ञानाचा ग्रंथ म्हणून शेकडो भाष्यकारांनी वाचली. एका शिष्याला शिकविण्याचा वृत्तान्त म्हणून ती वाचली तर निराळ्याच गोष्टी दिसू लागतात. अर्जुन हा शूर, कर्तबगार, हळवा, आणि त्या क्षणी भांबावलेला प्रौढ विद्यार्थी आहे. दुसऱ्या अध्यायात तो ‘मी तुझा शिष्य’ म्हणतो आणि लगेच पुढच्या श्वासात ‘मी लढणार नाही’ असेही सांगून मोकळा होतो. शिष्यत्व पत्करून गुरूचा निर्णय आधीच नाकारणारे विद्यार्थी सर्वांनीच पाहिलेले असतात. भगवंतांनी त्यावर स्मित केले आणि शिकविण्यास आरंभ केला.

तिसऱ्या अध्यायाच्या आरंभीच अर्जुनाची तक्रार आहे: तुमचे बोलणे संमिश्र आहे, त्याने माझी बुद्धी गोंधळते, एक काय ते निश्चित सांगा. पाचव्यातही जवळजवळ तोच प्रश्न. एवढे सांगूनही तेच विचारतोस, असे भगवंत म्हणत नाहीत. तेच पुन्हा निराळ्या रीतीने सांगतात. सहाव्या अध्यायात योगाची प्रक्रिया ऐकून अर्जुन म्हणतो की मन चंचल आहे, त्याला आवरणे म्हणजे वाऱ्याला आवरण्यासारखे आहे. येथे उत्तराची सुरुवात पाहण्यासारखी आहे. ‘तसे नाही, तू प्रयत्नच करीत नाहीस’ असे उत्तर नाही. ‘निःसंशय, मन आवरण्यास कठीणच आहे’ अशी प्रथम कबुली आहे, आणि नंतर अभ्यास व वैराग्य हा उपाय. ज्याला एखादी गोष्ट अवघड वाटते त्याला ‘यात काय अवघड आहे?’ असे म्हटल्याने ती सोपी होत नाही. तो मात्र एकटा पडतो. हे वाक्य शिकविणाऱ्याच्या तोंडून दिवसातून किती वेळा निघत असेल!

सर्वांत लक्षणीय प्रसंग अकराव्या अध्यायात आहे. त्याच्या पहिल्याच श्लोकात अर्जुन सांगतो की माझा मोह गेला. शिष्यच म्हणतो, कळले. मग गुरूने पोथी बांधावयास हरकत नव्हती. भगवंतांनी ती बांधली नाही. अर्जुनाने विश्वरूप पाहण्याची इच्छा केली, ती दिव्य चक्षू देऊन पुरविली. ते रूप पाहून शिष्य भयाने कापू लागला आणि पूर्वीचेच सौम्य रूप दाखवा म्हणून विनवू लागला. म्हणजे ज्याचा मोह गेला होता त्याचे धैर्यही गेले. डोळ्यांनी प्रत्यक्ष पाहिल्यानंतर आणखी काय शिकावयाचे उरते, असे वाटेल. पण त्यानंतर अजून सात अध्याय आहेत! क्षेत्र-क्षेत्रज्ञ, तीन गुण, दैवी आणि आसुरी संपत्ती, श्रद्धेचे प्रकार हे सारे दर्शनानंतरचे शिक्षण आहे. आणि मग अठराव्या अध्यायात भगवंत विचारतात, पार्था, एकाग्र चित्ताने ऐकलेस ना? तुझा मोह गेला ना? या वेळी अर्जुनाचे उत्तर पुन्हा तेच आहे, मोह गेला. परंतु आता त्यासोबत स्मृती परत आल्याची खूण आहे, आणि सांगाल तसे करीन हा निश्चय आहे. अकराव्यातील ‘गेला’ आणि अठराव्यातील ‘गेला’ यांतील अंतर ज्याला दिसते त्याला शिकविण्याचे मर्म दिसले. ऐकताना सर्वच स्वच्छ वाटते. पुस्तक मिटून स्वतः मांडू लागले म्हणजे कोठे काय निसटले ते समजते.

हा झाला एका शिष्याचा विचार. अनेक प्रकारच्या शिष्यांचा विचार बाराव्या अध्यायात आहे. तेथे भगवंत आधी सांगतात, माझ्या ठायी मन आणि बुद्धी स्थिर कर. ते जमत नसेल तर अभ्यासाने माझी प्राप्ती इच्छ. अभ्यासही जमत नसेल तर माझ्यासाठी कर्मे कर. तेही जमत नसेल तर कर्मफळाचा त्याग कर. एकेक पायरी खाली उतरत गुरू शिष्यापर्यंत येत आहे. यात एकदाही निर्भर्त्सना नाही, ‘निदान एवढे तरी कर’ असा कंटाळलेला स्वर नाही. उलट पुढच्याच श्लोकात, जी पायरी सर्वांत खालची म्हणून सांगितली त्या फलत्यागाचाच गौरव करून त्यातून तत्काळ शांती मिळते असे म्हटले आहे. भाष्यकारांनी या श्लोकाचा पूर्वीच्या श्लोकांशी मेळ बसविण्यासाठी बरीच खटपट केली आहे, कारण तर्काने पाहता खालची पायरी श्रेष्ठ कशी होईल? शिकविणाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर ती फारशी अडचण राहत नाही. ज्याला सोपा धडा दिला त्याला ‘हा सोपा आहे, तुझ्याजोगा’ असे म्हटले की त्याच क्षणी तो धडा विषारी होतो. चिंचोके मांडून पाढा शिकणाऱ्या मुलाला पाढाच येतो, चिंचोक्यांचा पाढा नव्हे.

तिसऱ्या अध्यायातील एक आज्ञा या संदर्भात नेहमी पुढे केली जाते: कर्मात आसक्त असलेल्या अज्ञ लोकांचा बुद्धिभेद ज्ञान्याने करू नये. अनेकांनी हिचा अर्थ ‘अडाण्याला अडाणी राहू द्यावे’ असा सोयीस्कर केला आहे. श्लोकाचा उत्तरार्ध मात्र तसे म्हणत नाही. ज्ञान्याने स्वतः नीट आचरण करीत त्यांच्याकडून कर्मे करवावीत, असे तेथे आहे. म्हणजे येथे निषेध आहे तो नवख्याच्या पायाखालची जमीन काढून घेण्याचा. आणि विधी आहे तो स्वतः त्याच्या शेजारी उभे राहून करून दाखविण्याचा. जो स्वतः करून दाखवीत नाही त्याला हा श्लोक गप्प राहण्याची सवलत देत नाही.

अलीकडच्या काळात अधिकारभेदाचे एक नवे रूप लोकप्रिय झाले आहे. काही मुले डोळ्यांनी शिकतात, काही कानांनी, काही हातांनी. मुलाची जात ओळखावी आणि त्याला त्याच रीतीने शिकवावे, असे सांगितले जाते. ऐकावयास हे समंजस वाटते, आणि पालक मोठ्या उत्साहाने आपल्या मुलावर असा शिक्का मारून घेतात. परंतु २००८ साली हॅरॉल्ड पॅशलर आणि त्यांचे तीन सहकारी या मानसशास्त्रज्ञांनी तोवरच्या संशोधनाची छाननी केली, तेव्हा अशा शिक्क्याप्रमाणे शिकविल्याने अधिक लाभ होतो हे सिद्ध करणारा पुरेसा पुरावा त्यांना आढळला नाही. मुलांच्या आवडी निरनिराळ्या असतात, हे खरे. पण भूगोल नकाशावाचून आणि गाणे कानांवाचून कोणालाच येत नाही. रीत ठरते ती पुष्कळदा विषयावरून. उद्दालकानेही एकाच मुलाला ऐकविले, दाखविले, चाखविले आणि उपाशीही ठेविले.

मग शिकणाऱ्यांत खरा भेद कोणता? तो मुख्यतः त्याला आधीच किती येते याचा असतो. नवशिक्याला सोडवून दाखविलेली उदाहरणे पायरीपायरीने पाहण्याचा मोठा उपयोग होतो. तीच उदाहरणे जाणत्याला अडगळ वाटतात, त्याला स्वतः झगडू द्यावे लागते. हेही संशोधनाने दाखविले आहे. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदरा येथील महापालिकेच्या शाळांत याचा एक मोठा प्रत्यय आला. ‘प्रथम’ या संस्थेच्या बालसखी उपक्रमात, तिसरी-चौथीत असूनही मागे राहिलेल्या मुलांना त्यांच्याच वस्तीतील शालान्त शिकलेली एखादी तरुणी रोज सुमारे दोन तास वर्गाबाहेर घेऊन बसे आणि इयत्तेचे पुस्तक बाजूला ठेवून, त्यांना जेथून येत नव्हते तेथून शिकवी. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात या शाळांतील मुलांचे गुण वाढलेले दिसले आणि सर्वाधिक लाभ सर्वांत मागे असलेल्या मुलांना झालेला दिसला. त्या तरुणी मोठ्या विदुषी नव्हत्या. त्यांनी बाराव्या अध्यायातील तेवढे केले: मूल जेथे होते तेथवर त्या उतरल्या.

येथवर सर्व सोयीचे आहे. परंतु या विषयातला खरा कूट प्रश्न छांदोग्याच्या आठव्या अध्यायात उभा आहे आणि तो टाळून चालत नाही. देवांचा इंद्र आणि असुरांचा विरोचन, दोघेही आत्मा जाणण्यासाठी प्रजापतीकडे आले आणि बत्तीस वर्षे ब्रह्मचर्याने राहिले. प्रजापतीने दोघांना डोळ्यांत दिसणाऱ्या पुरुषाविषयी सांगितले. मग पाण्याच्या पात्रात पाहावयास लावले. दोघांना आपापली देहाकृती दिसली आणि दोघेही संतुष्ट होऊन निघाले. त्यांना जाताना पाहून प्रजापती स्वतःशीच म्हणाला की हे आत्मा न जाणताच चालले आहेत, जे या समजुतीने वागतील त्यांचा नाश होईल. विरोचन तसाच गेला आणि देह हाच आत्मा, ही शिकवण असुरांना देऊन बसला. इंद्र मात्र वाटेत थबकला. देह आंधळा झाला तर हा आत्मा आंधळा होईल, देहाबरोबर मरेल. मग यात हित ते कोणते? असा विचार करून तो समिधा हाती घेऊन परतला. पुन्हा बत्तीस वर्षे, पुन्हा शंका, पुन्हा बत्तीस, आणि शेवटी पाच. मिळून एकशे एक वर्षांनी त्याला ज्ञान झाले.

प्रजापतीने विरोचनाला हाक का मारली नाही? त्याला दिसत होते की शिष्य चुकीचे घेऊन चालला आहे. एका हाकेने असुरांचे कुळ वाचले असते. प्रजापतीच्या बाजूने असे म्हणता येईल की ज्याला शंकाच आली नाही त्याला उत्तर देऊन काय होणार? इंद्राला जे मिळाले ते त्याच्या परत येण्याने मिळाले. हाक मारून परत आणलेला शिष्य आणि स्वतः परतलेला शिष्य एक नव्हेत. भगवंतांनीही सर्व सांगून झाल्यावर अर्जुनाला, याचा पूर्ण विचार कर आणि मग इच्छेस येईल तसे कर, असेच म्हटले. शिष्याचे स्वातंत्र्य हिरावून त्याला शहाणे करता येत नाही. हा युक्तिवाद बळकट आहे.

तरीही त्याला एक मर्यादा आहे. विरोचन बत्तीस वर्षे व्रत करू शकणारा असुरांचा अधिपती होता, आणि अर्जुन हा कर्ता पुरुष होता. आठ वर्षांचे मूल विरोचन नाही. चुकीची समजूत घेऊन ते उठले तर वाटेत थबकण्याइतकी विवेकशक्ती त्याच्यात अजून यावयाची आहे. तीच यावी म्हणून तर ते शिकत आहे. त्याने परत यावे म्हणून उंबऱ्यात वाट पाहत बसणारा पिता प्रजापती ठरत नाही, तो केवळ बेफिकीर ठरतो. शिवाय अकराव्या अध्यायातील भगवंतांची रीत प्रजापतीहून वेगळी आहे, हेही विसरता येत नाही. ‘मोह गेला’ म्हणणाऱ्या अर्जुनाला त्यांनी जाऊ दिले नाही. इच्छेस येईल तसे कर, हे वाक्य आले ते अठराव्या अध्यायाच्या अखेरीस. पहिल्या अध्यायाच्या अखेरीस आले असते तर ते स्वातंत्र्य नव्हते, परित्याग होता. प्रौढ शिष्याच्या बाबतीत कोणत्या क्षणी हाक मारावी आणि कोणत्या क्षणी मुकाट्याने जाऊ द्यावे, याचे सूत्र मात्र दोन्ही ग्रंथ देत नाहीत. बहुधा ते देता येण्याजोगे नसावे.

महाराष्ट्रात गीता घरोघरी गेली ती शिष्याकडे पाहून बोलणाऱ्यांमुळेच. १२९० साली ज्ञानदेवांनी नेवाशाला सातशे श्लोकांवर सुमारे नऊ हजार ओव्या सांगितल्या. संस्कृत न जाणणाऱ्या श्रोत्याला एका दृष्टांताने कळले नाही तर दुसरा, दुसऱ्याने नाही तर तिसरा, असा तो विस्तार आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी एकेक अध्याय घेतला, समोर स्वातंत्र्यलढ्यातील कैदी बसलेले, आणि साने गुरुजी ते उतरून घेत होते. त्यातूनच ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ झाला आणि पुढे तो देशातील अनेक भाषांत गेला.

पण विनोबांची पहिली विद्यार्थिनी त्यांची आई होती. बडोद्यास रुक्मिणीबाई गीतेवरील प्रवचनाला जात. श्लोक संस्कृत, त्यामुळे त्यांना नीट कळेना. त्यांनी मुलाजवळ मराठी गीता मागितली. मुलाने वामनपंडितांची समश्लोकी आणून दिली. तीही त्यांना कठीण गेली. तेव्हा, मग तूच का करीत नाहीस, असे त्या मुलाला म्हणाल्या. त्या फारशा शिकलेल्या नव्हत्या, परंतु ‘मला कळत नाही’ याचा अर्थ त्यांनी ‘माझा अधिकार नाही’ असा केला नाही. पुस्तक बदलून मागितले. विनोबांनी ‘गीताई’ लिहावयास घेतली ती ७ ऑक्टोबर १९३० रोजी, आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी ती पूर्ण झाली. रुक्मिणीबाई १९१८ सालीच गेल्या होत्या.